सपाट देशातली बर्फगाडी

प्रसादचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून भेंडी चिरत होते. "गेली गं," तो म्हणाला. आणि मग, "शेडची किल्ली तुझ्याकडेच आहे ना?" शुभदाच्या नवऱ्याने त्या शेडचा विषय स्वतःहून काढायची ही पहिलीच वेळ होती. मी 'हो' म्हटलं, फोन ठेवला आणि मीटिंगमधून बाहेरही न पडता ओट्याशी उभ्याउभ्या रडले. किल्ली कशाला हवी असेल, हे मी ओळखलं होतं. तो शुभदाची गाडी विकून टाकणार.

त्यानंतर स्क्रीनवर जमलेल्या शोकसभेत पुण्याहून, मुंबईहून, अ‍ॅमस्टेलव्हीनहून लोक चांगलंच बोलले. पण जवळपास प्रत्येकाच्या बोलण्यात एक वाक्य हळूच डोकावून गेलं: ते खूळ डोक्यात घेतलं नसतं, घरात शांत बसली असती, तर अजून काही दिवस मिळाले असते. हा लेख मी त्या वाक्यावरच्या रागातून लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. मला शुभदाबद्दल हळवं लिहिता येणार नाही, आणि तिला ते चाललंही नसतं.

शुभदा इथे, नेदरलँड्समध्ये, आयंडहोव्हनजवळच्या एका कंपनीत इंजिनिअर होती. चिप बनवणाऱ्या यंत्रांचे भाग जोडायचं तिचं काम, तेही अशा खोलीत जिथे धुळीचा कण म्हणजे गुन्हा आणि बोटाचा ठसा म्हणजे महापाप. आम्ही दोघी टिलबर्गला एकाच गल्लीत राहायचो. महामारीच्या थोडं आधी तिच्या फुप्फुसांचा आजार कळला. फुप्फुसं हळूहळू कडक होत चालली होती आणि त्यावर फारसा इलाज नव्हता. मग तो विषाणू आला. डॉक्टर म्हणाले, माणसं टाळा. प्रसादने ते इतकं मनावर घेतलं, की पोस्टमन आला तरी तो हिला आतल्या खोलीत पाठवायचा. ती काही आठवडे बसली घरात, आणि एक दिवस फुटपाथच्या पलीकडून ओरडून मला म्हणाली, "नंदे, घरात बसून मरायचंच असेल तर मग घरात बसायचं कशासाठी?"

त्याच महिन्यात तिने कुणाला न विचारता एक जुनी स्नोमोबाइल विकत घेतली. पुढे दोन पट्ट्या, मागे रबरी पट्टा, डोंगरातल्या भुसभुशीत बर्फावर चढण्यासाठी बनवलेली. नेदरलँड्समध्ये! इथे चढ लागतो तो पुलावर. पण तिच्या डोक्यात कारण पक्कं होतं. तिची पहिली नोकरी उत्तर स्वीडनमध्ये होती आणि तिथे ती ही गाडी चालवायला शिकली होती. ती राहायची त्या लाकडी केबिनच्या मागे एक चढ होता. दर हिवाळ्यात ती त्यावर गाडी घालायची आणि दरवेळी माथ्याच्या थोडं खाली इंजिन दम टाकायचं, गाडी वळवून परत यावं लागायचं. तो माथा तिला एकदा पार करायचा होता. श्वास आहे तोवर. एवढंच.

गावाबाहेर हेंक नावाच्या शेतकऱ्याची शेड आम्हाला मिळाली. दोन्ही बाजूंनी उघडी, वारा आरपार. घरात एकाहून जास्त पाहुणे बोलवायला बंदी होती, त्या काळात भेटायला याहून सुरक्षित जागा नव्हती, असं मी प्रसादला पटवून पाहिलं. तो फक्त म्हणाला, "तुम्ही दोघी मिळून तिला मारणार आहात," आणि शेडकडे कधी फिरकला नाही.

इंजिनाची ताकद वाढवायला तिने मागवलेलं टर्बोचं किट आलं, तेव्हा ते काय करतं हे तिने मला समजावलं. धुराड्यातून वाया जाणारा जोर एक चक्र फिरवतो आणि ते चक्र इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. मी म्हटलं, "म्हणजे तुला जी हवा मिळत नाही ती तू..." तिने पाना माझ्या दिशेने रोखला. "वाक्य पूर्ण करू नकोस. मला इंजिनं आवडतात, म्हणून करतेय. त्याची कविता करायची नाही." मी आजही ते वाक्य पूर्ण केलेलं नाही.

आणि मग या हुशार बाईने घोळ घातला. जन्मभर धुळीशी वैर केलेलं; तिने टर्बोचा प्रत्येक भाग हातमोजे घालून, अल्कोहोलच्या कापडाने, अगदी देव घासावेत तसा लखलखीत पुसला. आत बेअरिंगला लावून पाठवलेलं तेलसुद्धा. चुलीवरच्या कढईत तेल न घालता फोडणी टाकावी तसं ते कोरडं चक्र पहिल्याच फेरीत भयंकर किंचाळलं, आणि संपलं. शुभदा खुर्चीत बसून हसायला लागली. हसताना तिला धाप लागली, ओठ निळसर झाले, तरी हसतच होती. "अगं, स्वच्छतेने मारला मी त्याला," म्हणाली. सगळीकडची वाहतूक अडकलेली, नवा भाग यायला जवळजवळ एक हिवाळा गेला. तेवढ्यात तिला चालताना ऑक्सिजनची नळी लागायला लागली. तो हिवाळा मला तिच्या हसण्याइतका सहज घेता आला नाही.

तेव्हापासून तिचा नियम झाला: आधी तेल, मग आग. गाडी सुरू करण्यापूर्वी लाल बटण दाबून इंजिन बंद ठेवायचं, दोरी ओढत राहायचं, आणि टर्बोच्या बारीक पारदर्शक नळीत तेल आलेलं डोळ्यांनी बघायचं. मगच बटण सोडायचं. धूर तिला चालणार नव्हता म्हणून गाडी अंगणात, आणि ती लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, इंधनाचं प्रमाण जुळवायला लॅपटॉप मांडीवर घेऊन. मध्ये लांबलचक वायर. थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाला जोर द्यायला, मी! दुसरी अडचण अशी, की ही गाडी बर्फावर पळताना बर्फानेच थंड होते, आणि टिलबर्गात बर्फ कुठला? मग बाजारातल्या मासेवाल्याकडचा बर्फ पोत्याने आणायचा, गाडीच्या पोटाशी रचायचा आणि वर पाण्याचा पाइप सोडायचा. आमच्या बर्फगाडीला बांगड्यांचा वास यायचा. हेंक पहिल्यांदा आला तो तक्रार घेऊनच. रविवारी आवाज नको, लोक विश्रांती घेतात, हे त्याने फार सभ्यपणे सांगितलं. शुभदा तितक्याच सभ्यपणे म्हणाली, "हेंक, माझ्याकडे रविवार थोडे आहेत." पुढच्या रविवारी तो स्वतःचा जाड पाइप घेऊन आला आणि पाणी धरून उभा राहिला.

बंधनं सैल झाली त्या हिवाळ्यात आम्ही गाडी घेऊन स्वीडनला निघालो. प्रसाद येणार नाही म्हणाला. पण निघायच्या दिवशी व्हॅनमध्ये ऑक्सिजनची नळकांडी एकेक पट्ट्याने बांधून ठेवलेली होती आणि बाजूला थालिपीठाच्या भाजणीचा डबा. तो खिडकीत उभा होता. हात केला नाही त्याने.

तिथली थंडी म्हणजे नाकातले केस कडक होतात अशी. पहिल्या प्रयत्नात शुभदा अर्ध्या चढावरून स्वतःच परत फिरली. इंजिन आतून टकटकत होतं. आपल्या सपाट, दमट देशात जुळवलेलं इंधन इथल्या गोठलेल्या, दाट हवेला कमी पडत होतं. तसंच रेटलं असतं तर पिस्टन जळाला असता. मी म्हटलं, जाऊ दे, अर्ध्यापर्यंत तर आलीस. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप भाजणी भिजवायला घेतली. संध्याकाळभर ती केबिनमध्ये नाकात नळी घालून लॅपटॉपवर आकडे वाढवत बसली.

दुसऱ्या सकाळी तिने नळी काढून नळकांड्यासकट माझ्या हातात दिली. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, असं लोक म्हणतील. म्हणू देत. आधी तेल झालं, मग आग. गाडी गेली ती सरळ वर, मागे बर्फाचा फवारा, आणि तिची जुनी जागा आली तिथे आवाज खाली आला नाही, उलट चढला. मग ती माथ्यापलीकडे दिसेनाशी झाली आणि सगळं शांत झालं. हातात ते नळकांडं धरून मी खाली उभी... मला आठवतील तेवढे सगळे देव आठवले. तेवढ्यात फोन वाजला. ती इतकी धापत होती की शब्द तुकड्यातुकड्यांनी येत होते.

"नंदे... वर काही नाहीये गं... नुसतं पठार आहे... मस्त आहे!"

ती उन्हाळ्यात गेली. तो चढ चढली नसती तर शरद ऋतू बघितला असता का, मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. पण ती आतल्या खोलीत पोस्टमन जायची वाट बघत गेली नाही. मला एवढं पुरतं.

गेल्या रविवारी प्रसाद शेडवर आला. मी किल्ली देऊ केली, ती त्याने घेतली नाही. म्हणाला, "एकदा सुरू करून दाखव." आम्ही गाडी अंगणात ओढली. हेंक न बोलावता पाइप घेऊन आला. मी थेट दोरीला हात घातला.

"थांब," प्रसाद म्हणाला. "लाल बटण?"

मी बटण दाबलं. तो चिखलात गुडघे टेकून त्या बारीक नळीपाशी वाकला. मी ओढत राहिले. "नाही आलं अजून... अजून ओढ... आलं. आता सोड."

"तुला कसं माहीत रे?"

"दोन वर्षं जेवताना दुसरं काय बोलायची ती?" तो नळीवरची नजर न काढता म्हणाला.

इंजिन पेटलं. रविवारच्या त्या शांततेत सगळं शिवार दणाणलं, लांबच्या घरात कुणीतरी पडदा सारून पाहिलं. मी ओरडून विचारलं, "बंद करू का?"

प्रसादने मान हलवली. "नको. चालू दे."

हेंकने पाण्याची धार वाढवली.