रुंदी शून्य

घरात त्याला सगळे गुरुजी म्हणत. आधी कौतुकाने म्हणत, मग नुसतेच. संगणकात चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाशी थेट बोलणारे प्रोग्राम कसे लिहावेत, हे तो इंटरनेटवर नवशिक्यांना फुकट सांगे. या कामात साधा त्रिकोण पडद्यावर आणायला हजार ओळी लिहाव्या लागतात, कारण कार्ड आपणहून काहीच समजून घेत नाही. त्या बाबतीत ते गुरुजींवर गेलंय, असं त्याची बायको म्हणे.

त्याचे सल्ले लोकांना पाठ होते. चुका दाखवणारी तपासणी पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. आधी त्रिकोण काढा, राजवाडे नंतर.

स्वतः मात्र नोकरी सोडून दोन वर्षं पडद्यावर राजवाडाच बांधत होता. तपासणी बंद. "सारखी किरकिर करते. ती नवशिक्यांसाठी असते."

गुरुवारी एका गेम कंपनीत हा राजवाडा दाखवायचा होता. पसंत पडला तर शिकवणाऱ्याची जागा, नाहीतर सासऱ्यांच्या दुकानात खिळे मोजायचे. बुधवारी सकाळी त्याने शेवटचा हात फिरवला आणि पडदा काळाठिक्कर पडला.

बायको छापखान्यात मुद्रितं तपासते. दुपारी जेवायला घरी आली, तर हा कार्डाच्या सात पिढ्या उद्धरत होता.

"अहो, ती तपासणी लावा की."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही. वाचता येतं."

त्याने चडफडत लावली. चारशे बारा तक्रारी. बायको पेन्सिल घेऊन पहिल्या ओळीशी बसली.

"चित्राच्या जागेची रुंदी शून्याहून जास्त हवी, म्हणतंय. तुम्ही शून्य दिलीय."

त्याने वाकून ती ओळ स्वतः वाचली.

"म्हणजे कागदच दिला नाहीत, आणि चित्र उमटत नाही म्हणून बोंबलताय?"

रुंदी दिल्यावर राजवाड्याची एक भिंत दिसली, तीही पोटातून फाटलेली. उरलेल्या तक्रारी एका दिवसात निस्तरण्यासारख्या नव्हत्याच. शेवटी त्याने राजवाडा बाजूला ठेवला आणि संध्याकाळपर्यंत एक स्वच्छ, लाल त्रिकोण काढला.

गुरुवारी तोच दाखवला.

"दोन वर्षांत एवढंच?" कंपनीतल्या बाईंनी विचारलं.

"नाही. एका दुपारभरात. दोन वर्षं तपासणी बंद होती."

बाई हसल्या. नोकरी मिळाली, पण शिकाऊ म्हणून. पहिल्या दिवशी सगळ्या शिकाऊंना वाचायला एक कागद वाटला, तो याच्याच सल्ल्यांचा निघाला.

संध्याकाळी त्याने तो बायकोपुढे टाकला. तिने पेन्सिलीने तीन चुका दुरुस्त केल्या आणि कागद परत दिला.

"आता तरी वाचा."