अजून दोन फर्मे

‘अजून दोन फर्मे राह्यलेत, बाई,’ असं म्हणून चाचा चष्मा कपाळावर चढवायचे आणि हातातली सुई सदऱ्याच्या कॉलरला टोचून ठेवायचे. हे दोन फर्मे मी बारा-तेरा वर्षं ऐकले. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. अशा घड्या एकीला एक शिवल्या की पुस्तक होतं. वाचनालयातली फाटकी पुस्तकं मी चाचांकडे बांधायला द्यायची, आठ दिवसांचा वायदा घ्यायची आणि मग महिनाभर हेलपाटे घालायची. दर वेळी दोन फर्मे राहिलेलेच.

पहिले सहा महिने मला वाटायचं, शिवायचे राहिलेत. वाचायचे राहिलेत हे कळलं तेव्हा मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवरच डोक्याला हात लावून बसले.

‘वाचल्याबिगर सुई कशी घालायची?’ चाचांनी मलाच विचारलं.

नव्वदीच्या सुरवातीला मी जुन्नरच्या एका वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागले. चाचांचं दुकान बाजारपेठेतल्या एका बोळात होतं. पुस्तकं दाबायचा एक लाकडी शिकंजा, मोरचूद घातलेल्या खळीचं पातेलं, पुठ्ठ्यांची चळत आणि बसायला एक पोतं. शाळांची हजेरीपुस्तकं, व्यापाऱ्यांच्या वह्या, कचेऱ्यांची दप्तरं ही त्यांची पोटापाण्याची कामं. ती ते दिल्या दिवशी द्यायचे, कारण त्यांत वाचण्यासारखं काही नसायचं. रखडायची ती फक्त आमची पुस्तकं. तुमच्याही गावात असा एखादा कारागीर असेलच. काम असं की नाव ठेवायला जागा नाही, आणि ते आपल्या हातात कधी पडेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

त्यात माझे सभासदही त्यांना सामील. आमच्याकडे एक निवृत्त हवालदार यायचे. खून आणि दरोडे यांखेरीज दुसरं काही वाचायचं नाही असा त्यांचा नेम होता. त्यांना हवी असलेली रहस्यकथा बांधणीला गेली की ते माझ्याशी भांडायचे आणि मग थेट चाचांच्या पायरीवर जाऊन बसायचे. चाचा एक फर्मा वाचून खाली ठेवत, हवालदार तो उचलत. मी पुस्तक मागायला गेले की दोघंही माझ्याकडे असं बघायचे की जणू मीच आगंतुक.

चाचा सांगितलेल्या वेळेला पुस्तकं देत नाहीत, एवढंच असतं तर मी निभावून नेलं असतं. पुढे जे झालं त्यानं माझ्या तोंडचं पाणी पळालं.

झालं असं की कपाटं भरली आणि कार्यकारिणीनं ठराव केला. दहा वर्षांत एकदाही कोणी घरी नेलं नाही असं पुस्तक रद्दीत काढायचं. मी पुस्तकांतल्या तारखेच्या चिठ्ठ्या तपासून यादी केली आणि ती पुस्तकं तीन पोत्यांत भरून दाराशी ठेवली. सगळी बारकी, मळकी, कोणीतरी स्वतःच्या खर्चानं छापलेली. चाचा नेमके त्याच दिवशी फाटकी पुस्तकं न्यायला आले आणि पोत्यापाशी थबकले. कुठं चाललीत म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी वरचं एक पुस्तक काढलं, उलटं धरून झटकलं (ही त्यांची जुनी सवय, पुस्तकातून एसटीची तिकिटं, मोरपिसं, एकदा तर लग्नाची अक्षतसुद्धा पडली होती). या पुस्तकातून काहीच पडलं नाही.

‘आन कुनी नेलं असतं तर?’ त्यांनी विचारलं.

‘तर राहिलं असतं,’ मी म्हणाले. हे एक वाक्य मी बोलले नसते तर पुढचा सगळा ताप वाचला असता.

त्यातली चाळीसेक पुस्तकं पुठ्ठ्यासाठी नेऊ का म्हणाले. रद्दीच ती, मी न्या म्हटलं. त्यांनी फाटक्या पुस्तकांबरोबर तीही सायकलला बांधली.

आणि महिन्याच्या आत सगळी फाटकी पुस्तकं बांधून परत आली. खरं तर तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पुस्तकं जाडही वाटली. मी विचारलं, तर चाचा म्हणाले, पुठ्ठा जाड आलाय औंदा. आतल्या बाजूला शेवटच्या पानावर तारखेच्या दोन-दोन चिठ्ठ्या डकवलेल्या होत्या. त्यांनी बजावून सांगितलं की तारखेचा शिक्का दोन्हीवर मारत जा. मला वाटलं, चिठ्ठी लवकर भरते म्हणून केली असेल सोय. मी शिक्के मारत सुटले.

आठवड्याभरात हवालदार तणतणत आले. पुस्तक टेबलावर आपटून त्यांनी मधलं पान उघडलं. खुनी दाराआड सुरा घेऊन उभा आहे, बाईचा हात कडीवर आहे, आणि पान उलटावं तर ‘शेळीला पोटफुगी झाल्यास’. तिथून पुढे सलग पाच फर्मे शेळ्यांचे आजार. ते संपले की कडी उघडते.

‘ह्यो काय परकार हाय?’ हवालदार म्हणाले. ‘राती जीव टांगनीला लागला माझा.’

मी कपाटातली पुस्तकं एकेक करून उघडली. प्रेमकथेच्या पोटात जमिनीच्या मोजणीची रोजनिशी. भुताच्या गोष्टींच्या पोटात कौलं भाजायची पद्धत. सासू-सुनेच्या कादंबरीच्या पोटात घड्याळदुरुस्ती. रद्दीची चाळीसच्या चाळीस पुस्तकं, आकार जुळवून, ऐन रंगात आलेल्या जागी शिवलेली. दोरा इतका सफाईनं घातला होता की जोड सापडेना. मी तशीच उठले आणि भर बाजारातून तरातरा चाचांच्या दुकानी गेले.

चाचांना ना खेद ना खंत. म्हणाले, शेवटी लावलं असतं तर वाचलं कोणी असतं? मध्ये लावलं की हात लागतोच. आणि तुमचा नियम तर मी कुठं मोडलाय, पुस्तक घरी गेलं, चिठ्ठीवर शिक्का बसला, आता ते रद्दीत जात नाही. मी संतापून म्हणाले की लोकांना हवं ते सोडून भलतंच त्यांच्या गळ्यात मारायचा तुम्हाला काय अधिकार? त्यावर त्यांनी खळीत बोट घालून बघितलं आणि म्हणाले, ‘बाई, ह्यातलं एक तरी तुमी वाचलंय का?’

मी नव्हतं वाचलं. त्यामुळे मी आणखीच चिडले.

तीन आठवड्यांवर वाचनालयाची वार्षिक तपासणी होती. त्यात दोष निघाला तर वाचनालयाचा वर्ग खाली जाऊन अनुदान कमी होणार. आणि माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. कार्यवाहांनी मला बोलावून स्वच्छ शब्दांत सांगितलं, त्या बाइंडरकडून सगळं उसवून घ्या, रद्दी रद्दीत जाऊ द्या, आणि यापुढे त्याला आपलं काम नाही. मी हो म्हणाले. चाचांना निरोप दिला. त्यांचा उलटा निरोप आला, उसवतो, पण आधी एक वाचा. हट्टी माणसाशी कोण डोकं फोडणार? मी ब्लेड घेऊन स्वतःच उसवायला बसायचं ठरवलं.

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर ती प्रेमकथा घेतली, मधला दोरा कापला आणि मोजणीची रोजनिशी वेगळी काढली. लिहिणारा कोणी जुना ओव्हरसियर. घोड नदीच्या वरच्या अंगाला, पार आहुप्यापर्यंत साखळी घेऊन जमीन मोजत फिरलेला. पानोपानी आकड्यांचे तक्ते. फाडून टाकणार तेवढ्यात तक्त्याखालच्या शेऱ्याकडे लक्ष गेलं. ‘आज तट्टाने ओढा ओलांडण्यास नकार दिला. मी रागावलो. तट्टू रागावले नाही. शेवटी मी एकटाच ओलांडून गेलो व परत आलो.’

मला हसू आलं. मग पुढचा शेरा वाचला, मग त्याच्या पुढचा. कोणत्या वाडीत कोणती भाजी मिळाली, कोणत्या पाटलानं बांध दोन हात सरकवून वर चहा पाजला, सगळं त्या तक्त्यांखाली बारीक टायपात. आहुप्याला पोचल्यावर गावकऱ्यांनी त्याला देवराईच्या कडेला बसवलं, खायला घातलं आणि सांगितलं की इथं साखळी टाकायची नाही. पुढचा तक्ता कोरा. खाली लिहिलंय, ‘येथे मोजणी झाली नाही. त्यांनी मोजू दिले नाही, व झाडांकडे पाहिल्यावर मलाही मोजावेसे वाटले नाही.’

मी उठले तेव्हा चार वाजून गेले होते आणि ब्लेड कुठं ठेवलं ते आठवत नव्हतं. इतकं सुंदर पुस्तक दहा वर्षं वाचनालयाच्या कपाटात होतं आणि मी ते स्वतःच्या हातानं पोत्यात भरलं होतं. मला लाज वाटली. आणि चाचांचं बरोबर निघालं याचा त्याहून जास्त राग आला.

सोमवारी हवालदार आले. मी पुस्तक बदलून देते म्हणाले, तर खाकरून विचारतात, त्या शेळीवाल्या डॉक्टरचं आणिक काही लिहिलेलं आहे का. या गृहस्थाच्या घरी शेळी सोडा, कोंबडीही नव्हती.

मी मग काहीच उसवलं नाही. दाखल नोंदवहीत चाळीस ठिकाणी ‘एकत्र बांधणी’ असं लिहिलं आणि तपासणीची वाट बघत बसले.

साहेब आले. त्यांनी त्या पुस्तकांतली एक ओळही वाचली नाही, फक्त दाखल क्रमांक बघितले. एका पुठ्ठ्यात दोन क्रमांक. हे कोणाच्या परवानगीनं झालं, त्यांनी विचारलं. कार्यवाह माझ्याकडे बघायला लागले. बाहेरच्या बाकावर चाचा येऊन बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. प्रश्न ऐकून ते उठायला लागले.

‘माझ्या,’ मी म्हणाले. ‘मीच बांधायला सांगितलं.’

साहेबांनी शेरा लिहिला. पुस्तकं महिन्याभरात वेगळी करावीत. शिक्का पडलेली असल्यानं ती रद्दीत काढता येणार नाहीत. ग्रंथपालांनी परस्पर निर्णय घेऊ नयेत. वर्ग वाचला. चाचांचं काम टिकलं. तिसरं वाक्य मात्र मला चिकटलं आणि माझं कायम होणं तीन वर्षं लांबलं. ती तीन वर्षं घरी दर महिन्याला ऐकून घ्यावं लागलं, ते वेगळंच.

साहेबांची जीप गेल्यावर चाचा आत आले. ‘बाई, तुमी खोटं बोललात,’ म्हणाले.

‘मग काय करू?’ मी खेकसले.

‘न्हाई, तुमी लई नियमवाल्या, म्हनून इचारलं.’

त्यांनी चाळीस पुस्तकं आठ दिवसांत वेगळी करून दिली, प्रत्येकाला स्वतःच्या पदरचं रेक्झिन लावून. आमच्या पुस्तकांची वेळ त्यांनी पाळली ती एवढी एकदाच. कारण साधं होतं, सगळी आधीच वाचून झाली होती.

पुढे कचेऱ्यांत कॉम्प्युटर आले, दप्तरं कमी झाली. चाचांच्या डोळ्यांवर पडदा आला. अख्खं पुस्तक डोळ्यांशी नेऊन धरवत नाही म्हणायचे, एकेक फर्मा धरवतो. आमची फाटकी पुस्तकंही तोवर फार उरली नव्हती. मग मी एक गोष्ट करायला लागले, जी मी कार्यवाहांना कधी सांगितली नाही. कोणी हात न लावलेली पुस्तकं मी घरी नेऊन वाचायची, आणि एखादं मनापासून आवडलं की चाचांकडे बांधायला धाडायची.

शेवटचं पाठवलं ते गाठींचं होतं. आगीच्या बंबावर नोकरी केलेल्या कोणी तरी लिहिलेलं. बैल कसा बांधावा, पोहरा कसा बांधावा, आणि घाईत बांधलेली गाठ रडल्याशिवाय सुटत नाही, असलं सगळं. चाचांनी ते हातात घेऊन मागंपुढं फिरवलं.

‘हे तर फाटलेलं न्हाई, बाई.’

‘फाटेल,’ मी म्हणाले. ‘आठ दिवसांत पाहिजे.’

ते हसले. मलाही हसू आवरेना, म्हणून मी उगाच रागावल्यासारखं करून निघून आले.

दोन महिने झाले तरी पुस्तक आलं नाही. मी दोनदा निरोप पाठवला, दोन्ही वेळा तेच उत्तर आलं. तिसरा निरोप पाठवायच्या आत चाचा गेले. शुक्रवार होता. बाजारातली निम्मी दुकानं त्या दिवशी बंद राहिली आणि कबरस्तानाच्या फाटकाशी हवालदार टोपी हातात घेऊन उभे होते.

पंधरा दिवसांनी चाचांचा मोठा मुलगा वाचनालयात आला. त्याचं मोबाईलदुरुस्तीचं दुकान आहे, भारी वक्तशीर माणूस. अब्बांकडे राहिलेलं तुमचं पुस्तक, म्हणून त्यानं कापडात गुंडाळलेला गठ्ठा टेबलावर ठेवला. उशीर झाल्याबद्दल माफीही मागितली. मी कापड सोडलं. गाठींचं पुस्तक, पुठ्ठा काढून सुटं केलेलं. वाचून झालेले फर्मे एकाला एक शिवलेले होते. दोरा तसाच लोंबत होता आणि त्याच्या टोकाला सुई होती. खाली दोन फर्मे वेगळे ठेवलेले.

मी त्याला म्हणाले, ठीक आहे, ठेवून जा. तो गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि खूप रडले.

गावात आता दुसरा बाइंडर आहे. चार दिवसांत काम देतो, एक ओळ वाचत नाही. ते पुस्तक मी त्याला दिलेलं नाही. दाखल नोंदवहीत त्याच्यापुढे अजून ‘बांधणीस दिले आहे’ असंच लिहिलेलं आहे. दर वर्षी तपासणीला नवीन साहेब येतात, त्या ओळीवर बोट ठेवतात आणि विचारतात, बाई, हे एवढी वर्षं कसलं बांधणीला दिलंय? मी वैतागते, चष्मा कपाळावर चढवते आणि सांगते, अजून दोन फर्मे राहिलेत.