मालक बदलापूरला, आम्ही रिसेप्शनवर

हे अंबरनाथच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले आणि घरात माझ्यावर सुपरव्हिजन करायला लागले. कुकरची शिट्टी उशिरा का झाली, इथपर्यंत मजल गेली. म्हणून भर पावसाळ्यात मी मुरूडच्या अलीकडे समुद्राला लागून असलेल्या सहा खोल्यांच्या एका रिसॉर्टमध्ये बुकिंग केलं. चार दिवस काहीही करायचं नाही, असं यांच्याकडून कबूल करून घेतलं.

तिथे आमच्याशिवाय एकही पाहुणा नव्हता. कामाची माणसं भातलावणीला गेलेली. मालक आणि मालकीणबाई, दोघंही आमच्याच वयाचे. पहिल्या रात्री जेवण वाढून झाल्यावर ते आमच्याच टेबलावर बसले.

"बदलापूर म्हणजे उल्हासनगरच्या जवळच ना?" मालकांनी विचारलं. "दमट हवेने सगळे पडदे गेलेत. तिथल्या कॅम्प दोनच्या बाजारात स्वस्त मिळतात म्हणे."

यांच्या अंगात वीज संचारली. "मिळतात म्हणजे! पण दुकानदार पहिला भाव सांगेल तेव्हा बोलायचं नाही. फक्त हसायचं."

"पण एका दिवसात जाऊन येणं काही जमायचं नाही," मालक म्हणाले.

यांनी खिशातून घराची चावी काढली आणि टेबलावर ठेवली. "बदलापुरात, हेंद्रेपाड्यात आमचा फ्लॅट रिकामाच आहे. राहा की!"

मी टेबलाखालून पाय मारला. तो मालकीणबाईंना लागला.

"असू दे हो, वहिनी," त्या पाय चोळत म्हणाल्या, "आम्ही अगदी स्वच्छ ठेवू."

सकाळी ते दोघं त्यांच्या गाडीतून आमच्या घरी निघून गेले. जाताना खोल्यांच्या चाव्यांचा जुडगा यांच्या हातात दिला. "काळजी करू नका, या दिवसांत इकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही."

कुत्रं नाही आलं. दुपारी एक नवविवाहित जोडपं आलं.

मी सांगणार होते की मालक नाहीत. पण हे आधीच काउंटरमागे उभे होते, शर्ट इन करून.

"चहा सकाळी सात वाजता," हे म्हणाले. "उशीर झाला तर मिळणार नाही."

मुलगा चाचरत म्हणाला, "काका, हनिमून आहे आमचा."

यांनी गंभीरपणे विचार केला. "मग साडेसात."

मुलीला खास इकडचं जेवण हवं होतं. एवढ्या पावसात मासे आणायला जाणं शक्य नव्हतं आणि फडताळात बेसन, चिंच, भेंड्या, बटाटे एवढंच होतं. माझं माहेर उल्हासनगरचं, शेजार सगळा सिंधी. शेजारच्या काकींकडून शिकलेली सिंधी कढी केली. दोघांनी तीनतीनदा भात घेतला. "खरं कोकणी जेवण आज जेवलो," असं म्हणून मुलीने ताटाचा फोटो काढला. मी काही बोलले नाही, फक्त हसले.

संध्याकाळी मालकांचा फोन आला. आवाज ओळखू येईना, इतका मोकळा.

"काय निवांत आहे हो तुमच्याकडे! लाटांचा आवाज नाही, वारा नाही. दुपारी पडलो तो एकदम आत्ता उठलो."

"पडदे बघितलेत का?" मी विचारलं.

"उद्या बघू. हिला उल्हास नदी बघायचीय." मग जरा घुटमळत, "अजून एक दिवस राहिलो तर चालेल?"

यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "खुशाल राहा! इथलं मी बघतो."

आणि खरंच बघितलं. पंपाचा वॉशर बदलला, गळका नळ बंद केला, त्या नवऱ्या मुलाला ओले टॉवेल दोरीवर कसे पसरायचे ते शिकवलं. तो बिचारा दोन्ही दिवस साडेसातच्या आत अंघोळ करून हजर. निघताना तर यांच्या पायाच पडला.

मालक-मालकीणबाई आले ते एकदम तिसऱ्या संध्याकाळी. यांनी त्यांना पायरीवरच चार्ज दिला: पंप चालू, तीन नंबरचा नळ ठीक, पाहुणे समाधानी. मालक हात मागे बांधून "हो साहेब, बरं साहेब" म्हणत राहिले.

शेवटच्या सकाळी मालकांनी समुद्राकडे तोंड करून चार खुर्च्या मांडल्या. चहा आला. एक घोट घेऊन हे टाकी भरली का बघायला उठले. त्यांना परत बोलवायला म्हणून मालक गेले, तेही तिकडेच रमले. त्यांचे उरलेले दोन्ही कप आम्ही बायकांनी वाटून प्यायले.

"तुमच्या गॅलरीत बसायला फार छान वाटतं हो," मालकीणबाई म्हणाल्या. "समोरच्या ताई रोज गप्पा मारायच्या. विचारत होत्या, तुम्ही कायमच्याच आलात का?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

त्यांनी समुद्राकडे जरा कंटाळून बघितलं.

"म्हटलं, अजून ठरलं नाही."