गॅस हवेत सोडणार नाही

नवरा गेल्यावर वहिनींनी त्याची हत्यारांची पेटी उचलली आणि दिराच्या जोडीने एसी दुरुस्तीचं दुकान चालू ठेवलं. जुनं यंत्र काढायची या धंद्यातली रीत सोपी होती. नळी कापायची, आतला गारव्याचा गॅस हवेत सुटून फुस्स आवाज थांबेपर्यंत उभं राहायचं, मग यंत्र उचलायचं. वहिनीही तेच करत. पुढे एका प्रशिक्षणात त्यांनी ऐकलं, की वजनाला वजन धरलं तर हा गॅस कोळसा जाळून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता अडवतो. तेव्हापासून त्या पंप लावून गॅस सिलिंडरमध्ये भरू लागल्या, वेळ कितीतरी जास्त लागला तरी. बाजाराने त्यांना ‘बाटलीवाली’ म्हणायला सुरुवात केली.

“ऐकणाऱ्याला भलतंच वाटतं,” दीर कुरकुरे.

“वाटू द्या. झिंगून तर येत नाही ना घरी?”

एकदा एका कार्यालयाच्या गच्चीवरची जुनी यंत्रं काढायची होती. गच्ची दुपारपर्यंत मोकळी हवी, असं व्यवस्थापकाने बजावलं होतं. त्यांच्या नव्या इमारतीचं कामही तोच देणार होता. दिराने कटर काढला.

“वहिनी, आजच्या दिवस हट्ट सोडा. सगळा बाजार हवेत सोडतो. तुम्ही एकट्या काय ऊन कमी करणार?”

“उन्हाचं नाही हो, भाऊजी. पृथ्वीवर पांघरूण चढतंय. कारखाने चढवतात, गाड्या चढवतात, आणि लोकांना गारवा विकता विकता आपणही. माझ्या हातून आता नाही.”

“काम गेलं तर खायचं काय? बाटलीतला गॅस?”

वहिनी नळीला पाठ लावून खाली बसल्या. “कापा आता.”

तेवढ्यात व्यवस्थापक वर आला. “अजून एकही निघालं नाही?”

“संध्याकाळ होईल,” वहिनी बसल्या जागेवरून म्हणाल्या.

“मग मी दुसऱ्यांना बोलावतो.”

“बोलवा. त्यांनाही आधी मला उठवावं लागेल.”

व्यवस्थापकाने दिराकडे पाहिलं. दिराने वहिनींकडे पाहिलं, मग हातातल्या कटरकडे. घरात वहिनी एकदा बसल्या की काय होतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

“साहेब, संध्याकाळच धरा,” तो म्हणाला.

“मग नव्या इमारतीचं विसरा!” व्यवस्थापक पाय आपटत खाली गेला.

“गेलं काम,” दीर म्हणाला.

“जाऊ द्या. पंप आणा.”

त्याने कटर पेटीत फेकला आणि बडबडत पंप आणायला जिना उतरला.