कातव्यांचा इतिहास

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात लोटताना माझ्या थोरल्या भावाचा पाय तिच्याखाली आला. होडीखाली लाकडी ओंडके घालायचे, दोन्ही बाजूंनी खांदा लावायचा आणि ती वाळूवरून समुद्राकडे सरकवायची, असं ते दर वर्षीचं काम. बाबा पुढे उभे राहून सगळ्यांना हाक देत होते. त्यांच्या हाकेसरशी सगळ्यांनी जोर केला, एक ओंडका निसटला आणि होडी कलंडली ती दादाच्या गुडघ्यावर.

दादा तेव्हा सतरा वर्षांचा होता. समुद्रावर जायला लागून त्याला फार दिवस झाले नव्हते, पण दुसरं काही करायचं त्याच्या मनात कधी आलंही नव्हतं. मसुऱ्याकडून हाडवैद्य आला, त्याने बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला आणि शिमग्यापर्यंत जमिनीला पाऊल लावायचं नाही असं बजावलं. जाताना तो बाबांना बाजूला घेऊन काहीतरी बोलला. ते काय होतं हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, पण आईच्या चेहऱ्यावरून कळलं.

दादाची खाट पडवीत घातली. तिथून आवाराभोवतीचा आमचा दगडी गडगा दिसायचा, त्यापलीकडे माड आणि माडांमधून समुद्राची एक पट्टी. बाबा पहाटे समुद्रावर जात, आई टोपली घेऊन बाजारात मासे विकायला. शाळा सुटल्यावर दादाजवळ बसायचं काम माझ्याकडे आलं. मी दहा-अकरा वर्षांची असेन. पहिले काही आठवडे तो फारसा बोललाच नाही. गडग्याच्या भोकात एक घोरपड राहायची, तिच्याकडे बघत पडून राहायचा.

पावसाळा सरल्यावर एक दिवस मास्तरांनी वर्गात पेपर वाचून दाखवला. रशियाने माणसाच्या हातचा चंद्र आभाळात सोडला होता. त्या संध्याकाळी गावातली अर्धी माणसं किनाऱ्यावर माना वर करून उभी होती. कोणाला काही दिसलं नाही. मी घरी येऊन दादाला सगळं सांगितलं. घोरपडीच्या भोकाकडे बघत तो म्हणाला,

"घोरपड दोन पायांर उभी रवान चालाक लागली तर कशी दिसतली गो?"

तिथून कातवे सुरू झाले.

हे नाव दादानेच ठेवलं. ते कात टाकतात म्हणून कातवे. फार लांबच्या एका ताऱ्याभोवती त्यांची भूमी होती, सगळी काळ्या कातळाची. अंग खवल्यांचं, उंची माणसाच्या दुप्पट, आणि धंदा शिकारीचा. तिथे आभाळात थव्याने उडणारी मोठमोठी जनावरं होती, आपल्याकडे बांगडे जसे झुंडीने येतात तशी. कातवे त्यांची शिकार करत.

पण त्यांचं रक्त थंड. सूर्य वर येऊन अंग तापेपर्यंत त्यांना हात हलवता येत नसे. म्हणून रोज सकाळी सगळी जात कातळावर शेजारी शेजारी पडून राही आणि कोणी कोणाशी बोलत नसे. तीच त्यांची पूजा. अंग तापायच्या आधी तोंडातून शब्द काढणं हा त्यांच्यात मोठा अपराध होता. माझी आई हे ऐकून म्हणाली की ही चाल आपल्या घरात आणली तर बरं होईल.

आईला कातवे पसंत नव्हते असं नाही. बाजारातून आली की पाय धुता धुता ती विचारायची, आज तुमचे कातवे काय जेवले? ते शिकार कच्चीच खातात हे कळल्यावर मात्र तिला फार वाईट वाटलं. मासा काय, जनावर काय, आंबटाशिवाय घशाखाली उतरेलच कसं, असं तिचं म्हणणं. दोन दिवस तिने तो विषय सोडला नाही. शेवटी दादाने त्या कातळावर एक लाल आंबट फळ पिकवलं. मग आई त्यांच्याविषयी जरा मायेने बोलू लागली.

मला सगळ्यात आवडायची ती त्यांच्या इतिहासाची गुहा. कातव्यांना लिहिणं ठाऊक नव्हतं. प्रत्येक शिकारी आपली टाकलेली कात गुहेत आणून टांगायचा. शिकारीत झालेली जखम कातेवर उमटलेली असे. म्हातारे कातवे अंधारात बोटं फिरवत ती जखम शोधायचे आणि पोरांना सांगायचे, ही अमक्या शिकारीतली, ही जखम भूमी थंड पडली त्या वर्षातली. एकदा त्यांचा सूर्य मंदावला होता. सकाळचं पडून राहणं दुपारपर्यंत लांबलं, पुढे संध्याकाळपर्यंत. तेव्हा त्यांच्यातले काही जण एका राक्षसी अंड्याच्या कवचात बसून दुसऱ्या ताऱ्याकडे निघून गेले. ते गेले त्यांच्या काता तिथेच राहिल्या, कोणी खाली उतरवल्या नाहीत.

दादा हे सांगायला लागला की त्याचा आवाज पहिल्यासारखा व्हायचा. बाबा त्या वेळी बहुतेक अंगणात जाळं शिवत बसलेले असत, पण पाठ करून. अपघातापासून ते पडवीत फारसे येतच नसत. आपल्या हाकेवर होडी हलली होती, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. दादाने त्यांना कधी बोल लावला नाही, पण दोघांमधलं बोलणं पेज झाली का, औषध लावलं का, एवढ्यावर येऊन थांबलं होतं.

एका दुपारी मी सहज विचारलं की कातव्यांमध्ये एखाद्याचा पाय मोडला तर त्याचं काय करतात.

दादा म्हणाला की त्याला टेकडीवरच्या कातळावर नेऊन सोडतात. तो तिथेच राहतो. जातीला पुढे जायचं असतं, शिकार थांबत नाही. एवढं सांगून त्याने तोंड भिंतीकडे केलं. मी खाटेजवळ बसून राहिले. अंगणात बाबांचा हात थांबलेला मला दिसला.

दुसऱ्या दिवशी दादा काही सांगेना. तिसऱ्या दिवशीही नाही. मग एका सकाळी बाबा समुद्रावरून आले, अंगावरचे ओले कपडेही न बदलता पडवीत आले आणि खाटेच्या कडेला बसले. मी तिथेच होते.

"माका एक सांग," ते म्हणाले. "त्या जनावरांचो थवो येता, तो तुझ्या लोकांक पयलो कोण दाखयता?"

"कोण म्हणजे? सगळेच बघतत," दादा म्हणाला.

"सगळे बघीत रवले तर शिकार कोण करतलो? एकजण उंचार बसान नुसतो बघणारो व्हयो. त्येका धावूक नाय जमला तरी चालता."

बाबा उठले, कपडे बदलायला आत गेले. एवढंच झालं.

पुढचे काही दिवस कातवे आलेच नाहीत. मीही विचारलं नाही. मग एकदा मी शाळेतून आले तर दादा उशीला टेकून बसला होता, माझी वाटच बघत होता. टेकडीवर सोडलेला तो शिकारी मेला नाही, त्याने सांगितलं. टेकडीवर ऊन सगळ्यांच्या आधी पोचतं. खालचे सगळे थंड पडलेले असताना याचं अंग तापलं, डोळे उघडले. दूरवरून येणारा थवा त्याला दिसला आणि त्याने हाक मारली. अंग तापायच्या आधी बोलण्याचा नियम त्याने मोडला होता, म्हणून जातीत मोठा वाद झाला. पण त्या दिवशी कोणी उपाशी राहिलं नाही. तेव्हापासून टेकडीवरच्या माणसाला केव्हाही बोलायची मुभा मिळाली.

शिमग्याला कामट्या सुटल्या. गुडघा वाकत नव्हता आणि एक पाय आखूड झाला होता. काठी घेऊन दादा पडवीतून अंगणात, अंगणातून माडांपर्यंत चालू लागला. होडीत चढणं त्याला यापुढे जमणार नव्हतं, हे आता सगळ्यांनाच उघड दिसत होतं.

पुढच्या हंगामात रापण सुरू झाली तेव्हा बाबांनी त्याला बरोबर नेलं. रापण म्हणजे लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांनी सगळ्या गावाने ते किनाऱ्यावर ओढायचं. मासळीचा थवा कुठे आहे ते आधी कळावं लागतं. किनाऱ्याच्या टोकाला एक उंचवटा होता, त्यावर बसून पाण्यावर नजर ठेवायचं काम एक म्हातारा करायचा. त्याची दृष्टी मंद होत चालली होती. त्याच्याशेजारी दादा बसू लागला.

पहिल्यांदा त्याने पंचा हलवून खूण केली तेव्हा मी किनाऱ्यावर होते. होडीने घाईने जाळं सोडलं, माणसांनी दम लागेपर्यंत ओढलं. आलं काय, तर शेवाळ आणि कुजकी लाकडं. त्याने ढगाची सावली बघितली होती. दोघं-तिघं पुटपुटले. एकाने तर म्हाताऱ्यालाच बसू द्या असं उघड म्हटलं. बाबांनी दोर गुंडाळला आणि आपल्या जागी जाऊन उभे राहिले. दादा खाली आला नाही, संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होता. म्हाताऱ्याने त्याला सावली आणि मासळी यांतला फरक समजावला. सावली सरकते, मासळीचं पाणी थरथरतं, वरून बारीक पाऊस पडावा तसं.

बऱ्याच दिवसांनी ते थरथरणारं पाणी त्याला सापडलं. त्या दिवशी रापण एवढी जड आली की शेतावरची माणसंही दोर धरायला धावली. वाळूवर बांगड्यांची रास पडली. आई टोपली भरता भरता सगळ्यांना सांगत होती की माझ्या झिलाने दाखवले. बाबा उंचवट्यावर चढून गेले. दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. पण परत येताना दादाने काठी दुसऱ्या हातात घेतली होती आणि त्याचा एक हात बाबांच्या खांद्यावर होता.

पुढे त्या उंचवट्यावर बरीच वर्षं तोच बसला. लग्न केलं, घर चालवलं. माझं लग्न आरोंद्याला झालं. तिथे खाडीतली मासेमारी, तिच्या चालीरीती वेगळ्या. माझी मुलगी चार-पाच वर्षांची झाली तेव्हा मी तिला कातवे सांगायला लागले, पण माझ्याकडून गोष्टी इकडच्या तिकडे व्हायच्या. मी त्यांना शेपटी दिली होती. दादा एकदा भेटायला आला तेव्हा त्याने ती काढून टाकायला लावली. शेपटी असती तर ते कातळावर उताणे कसे पडले असते, असं त्याचं म्हणणं. त्यावर आम्ही जेवण होईपर्यंत भांडलो.

मुलीने त्याला विचारलं की कातवे अजून आहेत का.

"आसत," तो म्हणाला. "आता त्येंच्यात बायकापण शिकारीक जातत."

हे मला नवीन होतं. कधीपासून, असं मी विचारलं, तर म्हणाला, त्याच्या थोरल्या मुलीने हट्ट धरला होता. मग त्याने चहा घेतला, काठी उचलली आणि दुसऱ्या दिवशी रापण आहे म्हणून तिसऱ्या प्रहरच्या गाडीने निघून गेला.