गोदाबाईंचं गाणं आणि झब्ब्याचं बटण

मंडळी, कृपया इकडे लक्ष द्या. एक अत्यंत गंभीर सूचना आहे. आडवी लावलेली पांढरी गाडी काढण्याबद्दलची नाही, चप्पल बदलून गेल्याबद्दलची नाही, आणि जेवण तयार असल्याबद्दलची तर मुळीच नाही. ही सूचना आजवर कुठल्याही मंडपात, कुठल्याही माइकवरून झालेली नाही. ती अशी — तुमच्यासमोर उभा असलेला हा निवेदक लबाड आहे.

हसलात ना? हसा. मी गंभीर आवाज काढला की लोक हसतात, याची मला सवय आहे. खरं तर मला ते आवडतंच. पण आता जे सांगतोय ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला — सुनीताला — नाही. कंपनीतल्या दोस्तांना नाही. आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्या गोदाबाईंना तर नाहीच. मग तुम्हालाच का? तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून असेल.

आधी ओळख. निवेदकाला स्वतःची ओळख करून द्यायला कधी मिळत नाही, तेव्हा ही संधी मी सोडणार नाही. आकुर्डीत एका कारखान्यात नोकरी, पिंपळे गुरवला घर, मूळ गाव मराठवाड्यात. शिफ्ट सुटली की अंगावरचा निळा शर्ट उतरवायचा, झब्बा चढवायचा आणि माइक हातात घ्यायचा. गणपती, जयंती, वास्तुशांत, कुणाची सेवानिवृत्ती — या पट्ट्यात चार माणसं जमली की राजाभाऊ बोलतो. आणि कसा बोलतो! स्वतःच्या तोंडाने काय सांगू — पण सांगतो. लाइट गेली, गायक मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला, पेटीवाल्याचं पोट बिघडलं — मी एकटा मंडप धरून ठेवतो. लोक खुर्चीवरून हलत नाहीत. हे मी लबाड असूनही खरं आहे. किंवा लबाड आहे म्हणूनच.

गोदाबाई गातात. तुम्ही त्यांना ऐकलं नसेल तर तुमचं काही खरं नाही. बुटक्या, रापलेल्या, नऊवारीचा काष्टा घट्ट. आवाज गोड नाही, घासलेला आहे. तरुणपणी त्यांनी याच शहरात बांधकामावर विटा वाहिल्या. आज ज्या इमारतींत लोक लिफ्टने वर जातात, त्यांच्या कितीतरी विटा बाईंच्या डोक्यावरून गेल्यात. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं त्यांनी तिथेच रचलं. बांधकामावर एक बाई आहे. तिचं तान्हं वाळूच्या ढिगावर झोपलंय. दुपार झालीय, झाड नाही, आडोसा नाही. ती विटांचं घमेलं डोक्यावर तसंच ठेवून बाळापाशी उभी राहते — आपली सावली त्याच्यावर पडावी म्हणून. मुकादम ओरडतो, ती हलत नाही. आणि सूर्याला म्हणते, "सरक रं उन्हा सरक, माझं लेकरू झोपलं."

बस्स. एवढंच गाणं. पण या ओळीवर मी काय काय पाहिलंय! प्रेस मशीनवर बोट गेलं तेव्हा ज्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, असा गडी मुंडासं तोंडात कोंबून रडताना पाहिलाय. ज्याला बघून कामगार रस्ता बदलतात तो पर्सोनेल मॅनेजर चष्मा पुसताना पाहिलाय. सगळे रडायचे. मी सोडून.

मला रडू येत नाही, त्याला मी काय करू? गाणं कळायचं, आवडायचं, पण डोळे कोरडे ठणठणीत. आणि सगळा मंडप रडतोय, निवेदक मात्र पुढच्या गाण्याचा कागद चाळतोय — बरं दिसतं का? म्हणून मी रुमालाच्या टोकाला डोकेदुखीचा बाम लावून ठेवायला लागलो. योग्य ओळीला रुमाल डोळ्यांपाशी न्यायचा. दोन्ही डोळ्यांतून धारा. लोक म्हणायचे, राजाभाऊ फार हळवा आहे राव.

नाही, नाही — हा नव्हे कबुलीजबाब. बामासाठी मी तुमचा वेळ घेतला नसता.

एकदा पिंपरीत एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. लोकांचं लक्ष वडापावच्या खोक्यांकडे. मुलं धावतायत, मागे कुणीतरी फोनवर मोठमोठ्याने फ्लॅटचा सौदा करतोय. बाई आता तेच गाणं म्हणणार, आणि ते या गोंगाटात वाया जाणार. मला काय झालं कोण जाणे — मी माइक तोंडाशी नेला, आवाज खाली आणला आणि म्हणालो, "मी चार वर्षांचा होतो. माझी आई बांधकामावर होती. एक दिवस ती घरी आलीच नाही."

हॉल चिडीचूप. फ्लॅटवाल्यानेसुद्धा फोन ठेवला.

आई त्या वेळी कुठे होती, सांगू? पिंपळे गुरवला, माझ्या घरी, तांदूळ निवडत बसली होती. बांधकामावर ती जन्मात गेली नाही. सुट्टीसाठी आत्या-मावश्या मारणारे कंपनीत पुष्कळ असतात. त्यांना मी नावं ठेवायचो. मी टाळ्यांसाठी आई मारली.

त्या दिवशी बाई जशा गायल्या तशा पूर्वी कधी गायल्या नव्हत्या. नंतर स्टेजमागे त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. म्हणाल्या, "इतकी वर्सं बोलला न्हाईस व्हय रं? आजपासनं हे गाणं तुझं." तेव्हाच सांगता आलं असतं. हसून म्हणता आलं असतं, बाई, लोकांना गप्प करायला थाप मारली. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या आणि विषय संपला असता. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं — खरं, बामाचं नव्हे — आणि ते माझ्यासाठी होतं. ते कोण परत करतो?

मग सुरूच झालं. प्रत्येक कार्यक्रमात मी ती गोष्ट सांगायचो आणि दर वेळी थोडी डागडुजी करायचो. आधी आई नुसतीच आली नाही. मग तिच्याऐवजी तिची परात घरी आली. मग परातीत बांगडीचा तुकडा आला. लोक ऐकायला लांबून यायला लागले. सुनीता कार्यक्रमांना यायची नाही. तिला गर्दीत चक्कर येते. आणि आईला मी आणायचो नाही.

आईला यायचं असायचं, ही गंमत बघा. ती गोदाबाईंची भक्त. रोज तांदूळ निवडताना मोबाइलवर त्यांचीच गाणी. "राजा, येकदा तिला समोर बसून ऐकू दे की रं," असं कितीदा म्हणाली. आणखी एक म्हणायची — तू स्टेजवर कसा दिसतोस ते मला बघायचंय. मी म्हणायचो, लांब आहे. गर्दी असते. तुझे गुडघे. गुडघे मला फार उपयोगी पडले.

पण एका खंडेनवमीला गुडघेही चालले नाहीत. चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये दुपारी कार्यक्रम होता. तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी मशीनं धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून नवऱ्या मुलीसारखी नटवलेली असतात, आणि घरच्या माणसांना आत सोडतात — आपला माणूस कुठल्या मशीनवर उभा असतो ते बघायला. सुनीता माहेरी गेलेली. सणाच्या दिवशी म्हाताऱ्या आईला घरी एकटं कसं ठेवणार? शिवाय तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. मी ठरवलं, आज गोष्ट सांगायचीच नाही. सोपं होतं.

निघताना झब्ब्याचं वरचं बटण तुटलं. आईने मला दारात उभं केलं आणि अंगावरच लावायला घेतलं. अंगावर शिवताना तोंडात काडी धरायची असते, म्हणून केरसुणीची काडी काढून माझ्या दातात दिली. तिचं डोकं माझ्या छातीशी. चष्मा कपाळावर. दोरा तिने दातांनीच तोडला. त्या वेळी तरी तिला सांगावं, की अगं, तिथे मी तुझ्याबद्दल असं असं बोलतो? पण तोंडात काडी होती. — हे काय कारण झालं?

चाकणला मी तिला मागे बायकांच्या घोळक्यात ताडपत्रीवर बसवलं. स्टेज म्हणजे माल ठेवायची लाकडी पॅलेट जोडून वर जाजम. कार्यक्रम रंगला. आई हात वर करून टाळ्या वाजवत होती, शेजारणींना माझ्याकडे बोट दाखवत होती. मग ते गाणं आलं. मी दोन ओळींत निवेदन संपवलं आणि मागे सरलो.

बाई गायला लागेनात. माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना वाटलं, सणाचा दिवस, पोराला आईची आठवण आली, शब्द सुचेना. त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला आणि सगळी गोष्ट स्वतःच सांगितली. चार वर्षांचं लेकरू, बांधकाम, परात, बांगडीचा तुकडा. मी केलेली एकही डागडुजी त्या विसरल्या नव्हत्या. "हे गाणं," त्या म्हणाल्या, "ह्या राजाच्या मेलेल्या आईसाठी."

तेव्हा मागे ताडपत्रीवर आई उभी राहिली. गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश. आणि एक वाक्य बोलली — मोठ्याने, भाबडेपणाने, जशी गल्लीत कुणी चुकीचा पत्ता सांगत असेल तर आपण मध्ये बोलतो तसं. ते वाक्य शेवटी सांगतो. चांगली गोष्ट शेवटाला ठेवायची खोड जात नाही.

माना वळल्या. बाई गोंधळल्या. आणि मी काय केलं? इथे आलो, मंडळी. याच जागेभोवती मी मघापासून फिरतोय.

मी माइक परत घेतला. आवाज खाली आणला. म्हणालो, "बघितलंत? याला म्हणतात गाण्याची ताकद! अजून सूर लागला नाही, तोच ही माउली उठून उभी राहिली. माझी कुणी लागत नाही ती — तरी माझी आई व्हायला उभी राहिली!"

टाळ्या. अशा टाळ्या की पत्रे वाजले. ज्याच्या हातात माइक नाही, त्याचं कोण ऐकतं? शेजारच्या बाईने तिला हाताला धरून खाली बसवलं, "बसा आजी, बसा." गोदाबाई स्टेजवरून उतरल्या, तिच्यासमोर बसल्या, तिचे दोन्ही हात हातात घेऊन पूर्ण गाणं तिलाच म्हटलं. तिला समोर बसून ऐकायचं होतं ना? ऐकलं तिने. पण बाईंकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मी रुमाल काढला.

आणि सगळ्यात वाईट ते हे — रुमाल डोळ्यांना लावताना मला आतून वाटलं, काय प्रसंग जमून आलाय, राव! असा पुन्हा जमणार नाही. लाज नंतर आली. आधी मजा आली.

परतताना आई गाडीवर मागे बसली होती. मोशीपाशी म्हणाली, "हात लई खरबरीत हाईत बाईचे. कष्टाची हाय." बाकी काही नाही. सुनीताला सांगितलं, कार्यक्रम छान झाला. मला वाटलं, सुटलो. फक्त त्यानंतर तांदूळ निवडताना तिने मोबाइल लावला नाही. मी विचारलं तर म्हणाली, आवाजानं खडं दिसंनात. खडे डोळ्यांना दिसतात, कानांना नव्हे, हे तिला कळत नव्हतं असं नाही.

नंतर ती गेली. खरी. तिच्या दहाव्याला गोदाबाईंचं गाणं व्हावं असं घरात प्रत्येकाला वाटत होतं. सुनीता म्हणाली, तुमच्या तर घरच्यासारख्या आहेत, एक फोन करा. मी म्हणालो, त्यांचा घसा बसलाय. त्याच आठवड्यात बाईंचाच फोन आला, कार्यक्रमाला का आला नाहीस म्हणून. मी म्हणालो, मावशी वारली. त्या म्हणाल्या, "तिनंच वाढवलं आसंल तुला." मी म्हणालो, हो.

आजही मी निवेदन करतो. ती गोष्ट आता मी सांगत नाही, बाई सांगतात; मी शेजारी उभा असतो आणि टोकाला बाम लावलेला रुमाल खिशात असतो. झब्बा तोच. बाकीची बटणं तुटली, बदलली. वरचं अजून घट्ट आहे.

राहिलं ते वाक्य. माझ्या माइकखाली दबलं, पुढच्यांना धड ऐकूच गेलं नाही. म्हणून इथे, तिच्याच शब्दांत, जसं ती त्या ताडपत्रीवर उभी राहून सगळ्यांदेखत बोलली तसं —

"आगं बाई, मी कवा मेले? आत्ता निघताना ह्येच्या झब्ब्याचं बटन लावलंय की म्या!"