लॅटिनातलं ‘मले’

मेहकरातल्या प्रेमानंद सरांना लॅटिन येतं, हे सगळ्यांना ठाऊक. पण खरंच येतं का, हे तपासणार कोण? घरात भांडण पेटलं, की सर लॅटिनात दोन वाक्यं पुटपुटून चपला पायात सरकवत. चांगुणाबाई मागून ओरडत, “मले समजते हो! शिव्याच देऊन राह्यले तुम्ही!”

“प्रभूची प्रार्थना म्हणतोय,” सर अंगणातून म्हणत.

तरुणपणी चर्चचा पाळक व्हायला नागपूरला गेलेला हा माणूस. पहिलंच प्रवचन इतकं लांबवलं, की परीक्षक घोरायला लागले, असं चांगुणाबाईंच्या माहेरचे सांगतात. पाळकपण हुकलं, पण तिथली जुनी विद्या सर घेऊन आले आणि मिशनच्या छोट्याशा शाळेत तीच शिकवू लागले. आधी व्याकरण, मग तर्क, मग वक्तृत्व. पोरांना सांगत, “आधी घोका, मग भांडा, मग गोड बोला.” शाळेत खिचडी रांधणाऱ्या चांगुणाबाईंचं म्हणणं, आमचा संसार मधल्याच पायरीवर अडकला.

लॅटिनची चतुर्थी विभक्ती मात्र पोरांच्या डोक्यात शिरेना. शेवटी सरांनी फळ्यावर लिहिलं : मिही म्हणजे मले, तिबी म्हणजे तुले. “असं सांगा ना मंग!” अख्खा वर्ग ओरडला.

यंदा संस्थेनं लॅटिन जाणणाऱ्या पुण्याच्या सुचिताबाईंना तपासणीला पाठवायचं ठरवलं. लॅटिनचा तास ठेवायचा, की त्या वेळात कॉम्प्युटर शिकवायचा, हे त्या ठरवणार होत्या. सरांचं जेवणच तुटलं. तो तास गेला तर त्यांच्या हाती उरणार होती ती पीटीची शिट्टी! त्यांनी वर्गाला दम भरला, “बाईंसमोर मले-तुले केलं तर याद राखा.”

“काऊन जी?” चांगुणाबाई खिचडीच्या पातेल्याआडून म्हणाल्या. “ज्या ‘मले’नं पोरं शिकली, त्यालेच घराबाहेर काढता?”

सुचिताबाई आल्या. एकेका पोराला विचारत निघाल्या, “क्वोमोदो वालेस?” म्हणजे, कसा आहेस? सगळे ठरल्याप्रमाणे, “बेने!” म्हणजे छान. खिडकीतून बाहेरची बकरी बघत बसलेल्या मयुरीपाशी त्या थांबल्या, तशी ती दचकली आणि म्हणाली, “मले?”

सरांनी डोळे मिटले. बाईंचे मात्र चमकले. कारण लॅटिनातही ‘मले’ असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘वाईट’!

“वा! बाकी सगळे पोपट. हिनं मनातलं सांगितलं. काय झालं गं बाळ तुला?”

सरांनी एक डोळा उघडला. तास वाचला होता! आणि ते एक अक्षरही खोटं बोलले नव्हते. नुसतं खरं तेवढं गिळत होते. दारात चांगुणाबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, “अडकलं का जी घशात? पाणी आणू?”

आता घ्या! सर खाकरले. “बाई, ती लॅटिन बोलली नाही. ‘मला विचारता का?’ असं म्हणाली. आमच्याकडे मले म्हणतात.”

बाईंचा चेहरा उतरला. “म्हणजे हिला लॅटिन येतच नाही?”

मयुरीची मधली पायरी जागी झाली. “येते ना जी! आमचं मले म्हंजे मिही. चतुर्थी! तुम्ही समजल्या ते क्रियाविशेषण. त्याले विभक्तीच नसते. मंग दोन्ही एक कसे होतीन?”

बाईंनी सरांकडे पाहिलं, मग मयुरीकडे, आणि खुर्चीवर बसून डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. “सर, हिला भांडता येतं. तास राहू द्या. पण आता तिसरी पायरीही शिकवा, गोड बोलायची.”

सर त्या दिवशी घरी गेले ते हवेतच. आठवडाभर शांतता टिकली. मग कशावरून तरी पेटलंच. सरांनी सवयीनं लॅटिनात दोन वाक्यं पुटपुटली आणि चपलांकडे वळले. मागून आवाज आला,

“मिही समजते हो आता!”

एक चप्पल पायात, एक हातात, असे सर उंबऱ्यातच उभे राहिले.